‘धीर दिला’चं इंग्रजी

ही गोष्ट माझ्या बायकोला ठाऊक नाही. मुलीला नाही, भावाला नाही. रोज संध्याकाळी ज्यांच्याबरोबर फिरायला जातो त्या मित्रांनाही नाही. जगात फक्त एका बाईला ठाऊक आहे, आणि तिला सांगायलाही मला नऊ वर्षं लागली. म्हणजे तुम्ही दुसरे.

आणि गंमत बघा — लिहायला बसताना वाटलं होतं, हात अडखळेल. तसं काही झालं नाही. चारचौघांत बराच वेळ दाबून धरलेला खोकला बाहेर येऊन मोकळा खोकून घ्यावा, तसं वाटतंय.

गोष्ट एका इंग्रजी क्रियापदाची आहे. हसू नका. एका क्रियापदाने माणसाची नोकरी जाते का? जाते. मी घालवली आहे.

पण हे असं एकदम सांगून तुम्हाला काय कळणार? आधी मी कोण होतो ते सांगतो.

मी मूळचा येवल्याचा. वडील दुसऱ्याच्या मागावर पैठणी विणायचे. घरात इंग्रजीचं अक्षर नव्हतं. शाळेत एक इंग्रजीचे मास्तर भेटले आणि मला शब्दांचा नाद लागला. नुसता अर्थ पाठ करायचा नाद नव्हे. कुठला शब्द कुठल्या शब्दाशेजारी बसतो, कुठला बसत नाही, कुठल्या शब्दाला आतून वास येतो — याचा नाद. माणसाला काही करायला लावणारे जे शब्द असतात ना, त्यांची तर मी मनात उतरंडच रचली होती. ‘एन्करेज’ म्हणजे हुरूप देणं, पाठीवर हात ठेवणं. ‘परस्वेड’ म्हणजे समजावून मन वळवणं. ‘कम्पेल’ म्हणजे भाग पाडणं. आणि सगळ्यात तळाला ‘इन्स्टिगेट’ — चिथावणी देणं, काडी लावणं. एन्करेज चांगल्या कामासाठी करतात. इन्स्टिगेट दंगल करतात, भांडण करतात, संप करतात.

हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे प्रश्न हाच येणार आहे — याला अर्थ माहीत होता का?

नाशिकला सातपूरमध्ये विजेची बटणं बनवणारा एक कारखाना होता. तिथल्या ऑफिसात मी स्टेनो म्हणून लागलो. आणीबाणीच्या आधीचे दिवस. साहेब लोक डिक्टेशन द्यायचे, पण त्यांचं इंग्रजी मीच सरळ करायचो, आणि तेही ते जाणून होते. कामगारांना तर मी म्हणजे चालताबोलता इंग्रजीचा दवाखाना. बँकेचा कागद आला, मुलाच्या शाळेतून चिठ्ठी आली, औषधाच्या बाटलीवर काय छापलंय — “भाऊसाहेब, एवढं वाचून द्या.” जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी दोघंतिघं उभी असायचीच. मी वाचायचो, मराठीत सांगायचो, आणि माझ्या सांगण्यावर कुणी कधी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

त्यांच्यात शकुंतला गांगुर्डे होती. सगळे तिला शकुबाई म्हणायचे. प्रेस खात्यात होती, म्हणजे जिथे पितळी पट्ट्या दाबून त्यांचे तुकडे पाडतात तिथे. पस्तिशीच्या आत-बाहेर. नवरा गवंडीकाम करायचा, दोन मुलं. सातवीपर्यंत शिकलेली, मराठी घडाघडा वाचायची. इंग्रजी अक्षरं ओळखायची, पण जोडून शब्द होईपर्यंत दमायची. आमच्या चाळीच्या पलीकडच्या वस्तीत राहायची.

माझ्या बायकोला टायफॉइड झाला होता, त्या वर्षी आमची मुलगी चार वर्षांची होती. मला धड वरणभात येत नव्हता. शकुबाई सकाळी कामावर येताना आपल्या डब्याबरोबर आमचाही डबा आणायची. भाकरी, पातळ पिठलं, आणि मुलीसाठी वेगळा गूळ. बायको उठून हिंडायला लागेपर्यंत आणत होती. मी एकदा म्हटलं, शकुबाई, किती करता. तर म्हणाली, “भाऊ, तुमची पोर काय उपाशी ठिवायची का?” सगळे मला भाऊसाहेब म्हणायचे, ती एकटी नुसतं भाऊ.

बघा, मी हे लांबवतोय. मुद्द्याकडे येतो.

एका पावसाळ्यात प्रेस खात्यात हौसाबाई नावाच्या बाईची दोन बोटं मशीनमध्ये गेली. त्या मशीनला पुढून जाळी असायला हवी होती. ती मोडून कित्येक दिवस झाले होते, आणि प्रत्येक वेळी ‘करतो, करतो’ चाललं होतं. हौसाबाईला रिक्षात घालून नेलं. फरशी धुतली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मशीनवर दुसरी बाई बसवायला निघाले.

प्रेस खात्यातल्या बायका बसल्याच नाहीत. आपापल्या मशीनशेजारी उभ्या राहिल्या. रडत होत्या काही. सुपरवायझर ओरडायला लागला तेव्हा दोघीतिघी घाबरून स्टुलाकडे वळल्या, आणि शकुबाई मध्ये आली. मी तेव्हा हजेरीचं मस्टर न्यायला तिथे गेलो होतो, म्हणून मी स्वतः ऐकलंय. ती ओरडली नाही. घोषणा नाही, काही नाही. म्हणाली, “भिऊ नका गं. जाळी बसली की आपण बसू. आपण काय काम करणार नाय म्हणतोय का?”

बस. एवढंच. दुपारच्या आत जाळी बसली आणि बायका कामाला लागल्या. त्या जाळीने पुढे किती बोटं वाचवली असतील, सांगा बरं?

आठवड्याने शकुबाईवर आरोपपत्र आलं. बेकायदा काम बंद पाडल्याचं. वरून कुणाला तरी वाटलं होतं की आज जाळी, उद्या आणखी काही. एकीला काढलं की बाकीच्या गप्प बसतील. युनियन तेव्हा नावापुरतीच होती. चौकशीच्या दिवशी केबिनमध्ये आमचे साहेब, टाइपरायटरपुढे मी, आणि समोर खुर्चीच्या टोकावर शकुबाई. जबाब ती मराठीत देणार, कागदावर तो इंग्रजीत जाणार, आणि मधला माणूस मी. मला बघून तिला हायसं वाटलं होतं. तिच्या चेहऱ्यावर दिसलं मला ते. आपलं माणूस आहे, असं.

साहेबांनी विचारलं, त्या दिवशी तुम्ही काय केलंत? ती म्हणाली, “म्या काय केलं नाय साहेब. बाया भ्याल्या होत्या. म्या त्यांना धीर दिला.”

साहेब माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाले, “धीर दिला — काय लिहाल?”

मी म्हटलं, “एन्करेज्ड, सर.”

साहेबांनी पेन टेबलावर दोनदा आपटलं. “जरा जोरकस शब्द नाही का?”

आता इथे थांबतो. इथून पुढे साहेबाच्या अंगावर ढकलणं फार सोपं आहे. आज ते हयात नाहीत, उत्तर द्यायला येणार नाहीत. पण त्यांनी मला शब्द सांगितला नव्हता. धमकीही दिली नव्हती. त्यांना तो शब्द आठवतच नव्हता! ते नुसते माझ्याकडे बघत होते — परीक्षेत शेजारच्या हुशार मुलाकडे बघावं तसे. आणि मला तो शब्द येत होता. माझ्या उतरंडीच्या तळाचा. मी म्हटलं, “इन्स्टिगेटेड, सर.”

“व्हेरी गुड,” साहेब म्हणाले.

आणि मला — कसं सांगू तुम्हाला हे — मला आनंद झाला. खरा, आतून. साहेबाला न सुचलेला शब्द मला सुचला. पैठणी विणणाऱ्याच्या पोराला. मी तो शब्द एकही चूक न करता टाइप केला.

तुम्हाला वाटेल, हाच अपराध. नाही. एवढ्यावर राहिलं असतं तरी मी आज कदाचित म्हटलं असतं, घाई झाली, साहेब समोर होते.

जबाब पूर्ण झाला. साहेब कागद तिच्यापुढे सरकवून म्हणाले, वाचून सही करा, आणि फोन आला म्हणून बाहेर गेले. केबिनमध्ये आम्ही दोघंच उरलो. कुणी नव्हतं, लक्षात घ्या. मला कुणाचीही भीती बाळगायचं कारण नव्हतं. पंखा फिरत होता. तिने कागद डोळ्यांजवळ नेला आणि बोट ठेवून एकेक अक्षर जुळवायला लागली. बरोबर त्या शब्दावर बोट थांबलं. बाकीचे लहान लहान शब्द होते, हा एकटा लांबलचक.

“भाऊ, ह्यो काय शब्द हाय?”

मी म्हटलं, “प्रोत्साहन देणे. तुम्ही म्हणालात ना धीर दिला, तेच.”

“वंगाळ न्हाय ना काही?”

“नाही, नाही. चांगला शब्द आहे.”

आता झालं सांगून.

तिने मान हलवली. पदराने हात पुसला, आणि मराठीत, सुबक अक्षरात सही केली. वर मला म्हणाली, “तुम्ही होता म्हणून बरं झालं.”

का बोललो मी तसं? खरा अर्थ सांगितला असता तर तिने सही केली नसती, साहेब परत आल्यावर माझ्याकडे बघितलं असतं, आणि नुकतंच मिळालेलं ते ‘व्हेरी गुड’ गेलं असतं. एवढंच होतं पणाला. नोकरी नव्हती. बढती नव्हती. त्या सहीबद्दल मला कधी काही मिळालं नाही, आणि मिळेल असं वाटलंही नव्हतं. मी खूप वर्षं शोधलं, याहून मोठं कारण काही सापडतंय का. सापडलं असतं तर बरं झालं असतं. माणसाला आपला अपराध निदान भारदस्त तरी हवा असतो.

तिला कामावरून काढलं. स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय म्हणून. ज्या दिवशी तिच्या हातात कागद पडला त्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत टेबलावर थांबलो नाही, डबा घेऊन मागच्या गोदामात जाऊन बसलो. नंतर कळलं, ती एका वकिलाकडे गेली होती. त्याने कागद वाचला आणि म्हणाला, बाई, तुम्हीच लिहून दिलंय की मी चिथावलं, आता लढायचं कशावर? नवऱ्याचं काम पावसाळ्यात बंदच असायचं. मुलांना घेऊन ती इगतपुरीला भावाकडे गेली. भाऊ रेल्वेत होता. आमच्या वस्तीतून तिचं नाव हळूहळू पुसलं गेलं.

माझं बरं चाललं होतं. मी सिनियर स्टेनो झालो, मग ऑफिस सुपरिंटेंडंट. गंगापूर रोडला दोन खोल्यांचा ब्लॉक घेतला. लोक अजूनही कागद घेऊन यायचे. मी वाचून द्यायचो. मात्र आता मी प्रत्येक शब्द दोनदा सांगायचो, आणि म्हणायचो, दुसऱ्या कुणालाही विचारून बघा. लोकांना वाटायचं, किती विनम्र माणूस.

आणि मग, नऊ वर्षांनी, ती मला गंगापूर रोडच्या बसस्टॉपवर भेटली.

तिनेच ओळखलं. “भाऊ ना?” केस पांढरे झाले होते, चष्मा लागला होता, हातात छत्री आणि चामड्याची पर्स. बोलणंही बदललं होतं. मुलींच्या एका वसतिगृहात ती अधीक्षिका होती. इगतपुरीला बालवाडीत मदतनीस म्हणून लागली, तिथून बाहेरून मॅट्रिकला बसली, पास झाली, पुढेही शिकली. तिने बायकोची चौकशी केली. मुलगी केवढी झाली विचारलं. मला घाम फुटला होता, आणि मी आपला दिवाळीतल्या पाहुण्यासारखा गोड गोड बोलत होतो.

मग तिनेच तो विषय काढला. सहज. “इंग्रजीला पहिल्यांदा डिक्शनरी हातात आली ना भाऊ, तर सगळ्यात आधी तो शब्द काढून बघितला. स्पेलिंगसकट पाठ आहे अजून.”

मी बस येतेय का ते बघायला लागलो.

“तुम्हाला तरी कुठून माहीत असणार,” ती म्हणाली. “माहीत असता तर सांगितलाच असता तुम्ही. चूक माझी. सहीच्या आधी आणखी एका माणसाला विचारायला नको का? नवरा जाईपर्यंत मला तेच म्हणायचा, बावळट बाई, वाचल्याशिवाय सही कशी केलीस. बरोबरच होतं त्याचं.”

खरं सांगून टाकायला समोर मोकळी वाट होती. मी काय केलं? मी म्हणालो, “हो ना. तेव्हा आपल्याला एवढं इंग्रजी कुठे येत होतं!”

आपल्याला. तिला आणि मला. ती हसली. तिची बस आली.

त्या दिवसापासून मला चैन पडेना. कारण नऊ वर्षं मी एकच समजत होतो — मी तिची नोकरी घालवली. ते वाईटच, पण ती उभी राहिली होती, माझ्यापेक्षा ताठ. आता कळलं की दुसरंही काही घेतलं होतं, आणि ते अजून माझ्याकडेच होतं. ती स्वतःला बावळट म्हणत होती. रोज. आणि नवऱ्यानेही मरेपर्यंत तिला तसंच म्हटलं होतं.

आमची मुलगी तेव्हा दहावीला होती. एका संध्याकाळी स्वयंपाकघरातून ओरडून तिने विचारलं, “बाबा, एन्करेज आणि इन्स्टिगेटमध्ये फरक काय?” पुस्तकात जवळच्या अर्थाच्या शब्दांचा धडा होता काहीतरी. आणि मी पेपरमधून डोकं वर न काढता, एका दमात सांगितलं. व्याख्या, वापर, उदाहरणं, सगळं. ती म्हणाली, “बाबा, तुम्हाला कसं हो इतकं पटकन येतं?” मी पेपर खाली ठेवला. पायात चपला सरकवल्या आणि बाहेर पडलो.

वसतिगृह चालत फार लांब नव्हतं. तिची खोली खालीच होती. लोखंडी कॉट, टेबल, कोपऱ्यात बुद्धाची छोटी मूर्ती आणि मुलींच्या हजेरीचं रजिस्टर. तिने बसायला सांगितलं. मी उभाच राहिलो. वाटेत मी बरंच काही जुळवलं होतं — तेव्हाची परिस्थिती, साहेब, माझं वय. त्यातलं काहीच तोंडातून निघालं नाही. मी म्हटलं, “शकुबाई, मला अर्थ माहीत होता.”

तिला आधी कळलंच नाही. मी परत सांगितलं. “तुम्ही बोट ठेवलं होतंत त्या शब्दाचा. मला माहीत होता. तो शब्द साहेबांचा नव्हता, मीच सुचवला होता. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी तुम्हाला खोटं सांगितलं.”

ती कॉटवर बसली. चष्मा काढला, पदराने पुसत राहिली, पुसून झाला तरी पुसत राहिली. बाहेर मुली नळावर बादल्यांवरून भांडत होत्या. मला वाटलं ती रडेल. ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं का? माहीत नाही. ती म्हणाली, “पक्कं माहीत होता? की शंका होती?”

“पक्कं.”

“म्हणजे मी दुसऱ्या कुणाला विचारलं नाही म्हणून नाही झालं ते.”

“नाही.”

“मी विचारलं होतं. ज्याला येत होतं त्यालाच विचारलं होतं.”

“हो.”

तिने एवढा मोठा श्वास सोडला की मला तो अजून ऐकू येतो. खांदे खाली आले तिचे. मी आयुष्यात कुणाच्या चेहऱ्यावरून असं ओझं उतरताना पाहिलेलं नाही, आणि ते मीच चढवलेलं होतं. तेवढ्यापुरतं, खरं सांगतो, मला माझ्या लाजेचाही विसर पडला. मला नुसतं हलकं वाटलं. तिच्याबरोबर. तिच्यामुळे.

मग तिने चष्मा घातला आणि माझ्याकडे नीट बघितलं.

“बरं झालं सांगितलंत,” ती म्हणाली. “आता जा तुम्ही. आणि परत येऊ नका.”

आवाजात राग नव्हता. बाजारातला व्यवहार संपल्यावर माणूस बोलतो तसं बोलली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी विचारलं नाही. मी दाराबाहेर येऊन चपला घालत होतो. आत ती एकटीच होती. तिचा आवाज आला, हळू, पण स्पष्ट, आणि त्यात हसू होतं. “बावळट नव्हते मी.”

ते ती मला म्हणाली नव्हती. मी फाटक लावून घेतलं आणि घरी आलो. परत गेलो नाही.